पॅट्रिक मलिन्स आणि आयर्लंडचे हौशी जॉकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

5 एप्रिल 2025, शनिवार. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची प्रसिद्ध शर्यत सुटली. दहा मिनिटांच्या आत निक रॉकेट नावाचा घोडा 33 ला 1 च्या भावाने (एका रुपयाला तेहतीस, म्हणजे तो जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं) जिंकला. त्याच्यावर बसलेला पॅट्रिक मलिन्स हा 'हौशी' जॉकी होता. तेव्हापासून घरातल्या आणि ओळखीतल्या मंडळींनी मला जे प्रश्न विचारले, ते इथे उत्तरांसकट एकत्र केले आहेत. पहिला प्रश्न मामांचा. पुण्याच्या हंगामात ते रेसकोर्स सहसा चुकवत नाहीत. फोनवर म्हणाले, "अरे, म्हणजे फुकट पळवतो तो?"

खरंच फुकट पळवतो?

हो. शर्यतीत घोड्यावर बसण्याची फी हौशी जॉकीला मिळत नाही आणि बक्षिसातला जॉकीचा वाटाही मिळत नाही. त्या नॅशनलमध्ये पहिल्या घोड्याचं बक्षीस पाच लाख पौंड होतं. व्यावसायिक जॉकी असता तर त्यातला ठरलेला हिस्सा त्याच्या नावे जमा झाला असता. पॅट्रिकच्या वाट्याला करंडक आला आणि इतिहासात नाव लागलं.

आपण 'हौसेला मोल नाही' म्हणतो, तेव्हा हौसेपायी होणाऱ्या खर्चाकडे काणाडोळा करत असतो. आयरिश रेसिंगमध्ये ही म्हण अक्षरशः नियम म्हणून लागू आहे. 'हौशी' म्हटलं की आपल्याला गणेशोत्सवातली नाटक मंडळी आठवतात, उत्साह दांडगा आणि पाठांतर कच्चं. तो अर्थ इथे चालत नाही. हा शब्द फक्त परवाना कुठला आणि पैसे घेतो की नाही एवढंच सांगतो, घोड्यावरच्या कौशल्याबद्दल काही सांगत नाही.

मग त्याचं पोट कशावर चालतं?

पॅट्रिक त्याच्या वडिलांचा सहायक ट्रेनर आहे. वडील विली मलिन्स, म्हणजे सध्या अडथळ्यांच्या शर्यतींमधलं जगातलं सगळ्यात मोठं नाव. कार्लो काउंटीतल्या क्लोसटनला त्यांची पागा आहे. घोड्यांना व्यायाम देणं, कुठला घोडा कुठल्या शर्यतीत घालायचा ते ठरवणं, मालकांशी बोलणं, हे पॅट्रिकचं रोजचं काम. म्हणजे चोवीस तास घोड्यांतच, पण शर्यतीच्या त्या चार-दहा मिनिटांपुरता तो बिनपगारी.

इतका चांगला आहे तर व्यावसायिक का झाला नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर त्याच्या उंचीत आहे. पॅट्रिक सहा फुटांच्या वर आहे. जॉकी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर महालक्ष्मीच्या पॅडॉकमधले, साधारण पन्नास किलो वजनाचे, चिवट बांध्याचे गडी येतात. अडथळ्यांच्या शर्यतीत वजनं त्याहून बरीच जास्त असतात, पण तिथेही हँडिकॅप शर्यतीत (जिथे चुरस व्हावी म्हणून चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात) घोड्याला दहा-साडेदहा स्टोन वजन मिळू शकतं. एक स्टोन म्हणजे 6.35 किलो, तर दहा स्टोन म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलो. त्यातच जॉकी आणि त्याचं खोगीरही आलं. सहा फुटांवरच्या माणसाने ते वजन हंगामभर, आठवड्यातून चार-पाच दिवस राखायचं म्हणजे अन्नाशी कायमचं वैर.

हौशी जॉकींसाठी राखलेल्या शर्यतींत वजनं बहुतेक अकरा ते बारा स्टोनच्या घरात असतात. तिथे उंच माणूस बसू शकतो. नॅशनलमध्ये निक रॉकेटला 11 स्टोन 8 पौंड मिळालं होतं, म्हणजे साडेत्र्याहत्तर किलो. चांगल्या घोड्याला वजन जास्त आणि तेच या लंबू जॉकीच्या सोयीचं. हलकं वजन मिळालेल्या घोड्यावर तो त्या दिवशी बसूच शकला नसता.

उलट उदाहरणही घ्या. रुबी वॉल्श सुरुवातीला दोन वेळा आयर्लंडचा चॅम्पियन हौशी जॉकी झाला, मग व्यावसायिक झाला आणि त्या पिढीतला सर्वोत्तम ठरला. त्याच्या वडिलांनी, टेड वॉल्शनी, मात्र जन्मभर हौशी परवाना सोडला नाही. अकरा वेळा चॅम्पियन हौशी, आणि 1979 मध्ये चेल्टनमची (इंग्लंडमधला अडथळ्यांच्या शर्यतींचा सगळ्यात मोठा मेळा) चॅम्पियन चेज हिली वे या घोड्यावर, तीही व्यावसायिकांना मागे टाकून. एकाच घरात दोन वाटा.

अडथळ्यांची शर्यत म्हणजे नक्की काय? आपल्याकडे का दिसत नाही?

पुण्यामुंबईत आपण पाहतो ती सपाट मैदानावरची दौड. इथे घोडा धावतो आणि उड्याही मारतो. छोटे, लवचीक अडथळे असले तर ती 'हर्डल', आणि काटक्यांच्या जाड भिंतीसारखे असले तर 'चेज'. अंतरं दोन मैलांपासून चार मैलांच्या वर. घोडे वयाने मोठे, आठ-दहा वर्षांचेही. यातले बहुतेक नर खच्ची केलेले असतात, त्यामुळे पुढे पैदाशीचा पैसा नाही आणि घोडा वर्षानुवर्षं धावत राहतो. लोकांना तो घरच्यासारखा ओळखीचा होतो, त्याचं हेही एक कारण. आपल्याकडे टर्फ क्लबांचं सगळं गणित सपाट शर्यतींवर बसवलेलं आहे.

या खेळाचं मूळही आयर्लंडमध्ये सांगतात. 1752 मध्ये कॉर्क काउंटीत एडमंड ब्लेक आणि कॉर्नेलियस ओ'कॅलाहन या दोघांनी बटव्हंटच्या चर्चच्या मनोऱ्यापासून डोनरेलच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणं आणि ओढे ओलांडत, पैज लावून घोडे पळवले. स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा, म्हणून स्टीपलचेज. ते दोघे कुणाचे पगारी नव्हते, तेव्हा या खेळाची सुरुवातच हौशींनी केली असं म्हणायला हरकत नाही.

हौशी जॉकी शिकतो कुठे?

दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे पॉइंट-टू-पॉइंट. गावाबाहेरच्या शेतात रविवारी भरणाऱ्या, स्थानिक हंट क्लबांनी (घोड्यांवरून शिकार करणाऱ्यांचे क्लब) घेतलेल्या तीन मैलांच्या शर्यती. तात्पुरती कुंपणं, गाड्यांच्या डिकीतून निघणारे सँडविच, चिखल. आपल्या जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीला जो सूर असतो, त्याच्या जवळ जाणारं काही आयर्लंडमध्ये असेल तर ते हे. इथे फक्त हौशीच घोड्यावर बसतात. डेरेक ओ'कॉनरने या शेतांमधून हजारावर शर्यती जिंकल्या आहेत. पुढे लाखालाखांना विकले जाणारे तरुण घोडे पहिल्यांदा याच शेतांत धावतात, त्यामुळे खरेदीदार कुंपणाला टेकून उभे असतात.

दुसरं म्हणजे 'बंपर'. उड्या मारायच्या घोड्यांनी उडी न मारता धावायची दोन मैलांची शर्यत. चार-पाच वर्षांच्या कोवळ्या घोड्याला गर्दी, गोंगाट आणि दुसऱ्या घोड्यांची धक्काबुक्की यांची सवय व्हावी म्हणून. आयर्लंडमध्ये या शर्यती हौशींसाठीच राखलेल्या असतात. जॉकीला घोड्याचा स्वभाव इथे कळतो. कोण पुढे राहून पळतो, कोणाला कान पाडून मागे लपायला आवडतं, कोण शेवटच्या फर्लांगात मान टाकतो. पॅट्रिकचं खरं साम्राज्य म्हणाल तर हे बंपर.

त्याची कारकीर्द कशी घडली?

जन्म डिसेंबर 1989. आजोबा पॅडी मलिन्स यांनी डॉन रन ही घोडी तयार केली होती. चेल्टनमची 1984 ची चॅम्पियन हर्डल आणि तिथलाच 1986 चा गोल्ड कप, दोन्ही जिंकणारी ती एकच. म्हणजे घरात बाराखडीच्या आधी रिकीब.

मार्च 2008 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, चेल्टनमच्या मेळ्यात त्याने कझिन व्हिनीवर चॅम्पियन बंपर जिंकली. त्या वर्षी वादळी वाऱ्यामुळे बुधवारचा अख्खा दिवस रद्द झाला होता आणि राहिलेल्या शर्यती उरलेल्या दोन दिवसांत कोंबल्या होत्या. 2012 मध्ये शॅम्पेन फीव्हरवर तीच शर्यत पुन्हा. मग 2022 ला फासील व्हेगा, 2024 ला जॅस्मिन द वो.

2012 हे वर्ष जरा निवांत सांगायला हवं. एका वर्षात सर्वाधिक शर्यती जिंकणाऱ्या आयरिश हौशी जॉकीचा विक्रम 1915 पासून बिली पार्किन्सनच्या नावावर होता, 72 विजयांचा. पहिलं महायुद्ध चालू असतानाचा विक्रम, सत्त्याण्णव वर्षं कुणी हात लावला नव्हता. पॅट्रिकने तो मोडला कधी, तर 31 डिसेंबरला, पंचेस्टाउनच्या मैदानावर. वर्षाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी होणार होती. वर्ष संपलं तेव्हा आकडा 74 होता.

2018 मध्ये त्याने टेड वॉल्श यांचा एकूण 545 विजयांचा विक्रम मागे टाकला आणि आयर्लंडच्या इतिहासातला सर्वाधिक शर्यती जिंकणारा हौशी जॉकी झाला. चॅम्पियन हौशी किताब दहापेक्षा जास्त वेळा. त्याच वर्षी शार्जा नावाच्या घोड्यावर त्याने गॉलवे हर्डल जिंकली. ही हौशींची राखीव शर्यत नव्हे, उन्हाळ्यातल्या मोठ्या हँडिकॅपपैकी एक. शार्जाबरोबर त्याचं विलक्षण जमलं. लेपर्ड्सटाउनला नाताळच्या दिवसांत होणारी पहिल्या दर्जाची हर्डल त्या दोघांनी 2018 ते 2021 अशी सलग चार वर्षं जिंकली. समोर सगळे व्यावसायिक.

चेल्टनमची चार मैलांच्या आसपासची नॅशनल हंट चेज त्याने बॅक इन फोकस (2013), रॅथव्हिंडन (2018), स्टॅटलर (2022) आणि गायार द्यू मेनिल (2023) यांच्यावर जिंकली. 2022 मध्ये बिलअवेवर हंटर्स चेजही घेतली. बाकीचे विजय मोजत बसलो तर हे पान संपणार नाही.

वडिलांच्या जिवावर उड्या मारतो, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. देशातल्या सर्वोत्तम पागेतले बंपरचे घोडे त्याच्याकडे आपोआप येतात. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या, एखाददुसऱ्या घोड्यावर अवलंबून असलेल्या हौशी पोराला ते भाग्य नाही. विक्रमांचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं.

पण उरलेलं अर्धं असं. मोठ्या शर्यतीत पागेचे पाच-सहा घोडे उतरतात, तेव्हा पहिली निवड पॉल टाउनेंडची. तो पागेचा मुख्य जॉकी. उरलेल्यांतून पॅट्रिकला मिळतो. 2025 च्या नॅशनलमध्ये टाउनेंडने आय ॲम मॅक्सिमस घेतला, आदल्या वर्षीचा विजेता. निक रॉकेट 33 ला 1 होता. बापाने मुलाला जिंकणारा घोडा हातात ठेवून दिला असं म्हणायचं असेल तर आधी हे भाव समजावून सांगावे लागतील.

आणि विली स्वतः कोण, हेही पाहा. सहा वेळा आयर्लंडचे चॅम्पियन हौशी जॉकी. 1983 मध्ये एन्ट्रीच्या याच अडथळ्यांवर फॉक्सहंटर्स चेज जिंकणारे. 1996 ची चॅम्पियन बंपर त्यांनी विदर ऑर विच या घोड्यावर जिंकली. ट्रेनरही तेच, जॉकीही तेच. हौशी असणं हा या घराचा कुळाचार आहे.

2025 च्या नॅशनलमध्ये नेमकं काय झालं?

चार मैल अडीच फर्लांगांच्या आसपासचं अंतर, तीस उड्या, चौतीस घोडे. 2024 पासून घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली आहे. अडथळे सोळा, त्यातले चौदा दोनदा आणि 'द चेअर' व पाण्याचा अडथळा एकेकदा ओलांडायचा.

निक रॉकेट आठ वर्षांचा. त्या हंगामात गॉरन पार्कची थायस्टीज चेज आणि फेअरीहाउसची बॉबीजो चेज जिंकून आलेला. शेवटची उडी झाल्यावर एन्ट्रीला 494 यार्डांची एक लांबलचक सरळ वाट उरते. जगातली सगळ्यात क्रूर सरळ वाट आहे ही. जिंकलोच असं वाटणारे घोडे इथे पायांत शिसं ओतल्यासारखे थांबतात. त्या दिवशी थांबला तो आय ॲम मॅक्सिमस, सगळ्यात जास्त वजन वाहणारा. निक रॉकेट धावतच राहिला आणि घोड्याच्या अडीच लांबींनी जिंकला.

दुसरा आय ॲम मॅक्सिमस, तिसरा ग्रेंजक्लेअर वेस्ट. तिघेही विली मलिन्सच्या पागेतले. पहिल्या सातांत पाच त्यांचे. पण कॅमेऱ्याने धरून ठेवलं ते वेगळंच. दोन देशांत असेल-नसेल तो किताब जिंकलेला हा कसलेला, सत्तरीकडे झुकलेला माणूस माइकसमोर उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना. हुंदका फुटला, तोंड फिरवलं, पुन्हा प्रयत्न केला. हेजहंटरबरोबर 2005 ला आणि आय ॲम मॅक्सिमसबरोबर 2024 ला त्यांनी ही शर्यत जिंकली होती. तेव्हा असं झालं नव्हतं.

घोड्याचे मालक स्ट्यूअर्ट अँड्र्यू. हा घोडा त्यांच्या पत्नी सेडी यांच्या हौसेचा. 2022 च्या डिसेंबरात थर्ल्सला तो पहिल्यांदा धावला, तेव्हा सेडी तो पाहायला होत्या. त्यानंतर काही दिवसांतच कर्करोगाने त्या गेल्या. त्यामुळे विजेत्यांच्या कट्ट्यावर रडणारे एकटे विली नव्हते.

याआधी हौशी जॉकीने नॅशनल जिंकली आहे का?

हो, आणि फार मागे जायला नको. 2022 मध्ये सॅम वेली-कोहेन नोबल येट्सवर जिंकला, 50 ला 1. तो इंग्लंडचा, व्यवसाय दाताच्या दवाखान्यांचा, आणि ती त्याच्या आयुष्यातली शेवटची शर्यत होती. घोडा मात्र आयर्लंडचा. ट्रेनर एमेट मलिन्स, पॅट्रिकचा चुलतभाऊ. त्याआधी 1990 मध्ये मार्कस आर्मिटेज, मिस्टर फ्रिस्कवर, 8 मिनिटं 47.8 सेकंदांत. 1982 मध्ये डिक सॉन्डर्स ग्रिटारवर जिंकले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

बायका यात आहेत का?

आहेत, आणि आयर्लंडमध्ये तर हौशी परवान्यानेच त्यांच्यासाठी दार उघडलं असं माझं मत आहे. नीना कार्बेरीने 2011 मध्ये ऑर्गनाइझ्डकॉन्फ्युजनवर आयरिश ग्रँड नॅशनल जिंकली. चेल्टनमला तिचे सात विजय आहेत. 2024 मध्ये ती युरोपीय संसदेवर निवडून गेली. केटी वॉल्श, टेडची मुलगी आणि रुबीची बहीण, 2012 मध्ये वडिलांच्या सीबासवर एन्ट्रीला तिसरी आली आणि 2015 मध्ये थंडर अँड रोझेसवर आयरिश नॅशनल जिंकली. दोघी हौशी. दोघींनी 2018 च्या पंचेस्टाउन मेळ्यात, जिंकूनच, खोगीर उतरवलं. 2025 ची चॅम्पियन बंपर बँबिनो फीव्हरवर जिंकली ती जोडी टाउनेंड हिने. पॉल तिचा भाऊ.

धोका किती?

व्यावसायिकाला जेवढा तेवढाच. जमिनीला परवाना कळत नाही. जे. टी. मॅकनमारा हा त्या पिढीतला पहिल्या फळीतला हौशी जॉकी. मार्च 2013 मध्ये चेल्टनमला, हौशींसाठीच्या किम म्यूर शर्यतीत तो पडला, मानेखालचं शरीर लुळं झालं, आणि 2016 मध्ये तो गेला. त्याचा चुलतभाऊ रॉबी मॅकनमारा 2014 ची चॅम्पियन बंपर जिंकलेला हौशी. 2015 मध्ये वेक्सफर्डला पडून त्याचे पाय गेले. तो चाकाच्या खुर्चीवरून ट्रेनर झाला.

पॅट्रिकच्या नॅशनलआधी दोनच महिने, फेब्रुवारी 2025 मध्ये, थर्ल्सला पडून मायकेल ओ'सलिव्हनचा मृत्यू झाला. चोवीस वर्षांचा. तोही हौशी म्हणूनच वर आलेला आणि पुढे व्यावसायिक झालेला.

हौशींच्या शर्यती कमी होत आहेत का?

चेल्टनमला तरी हो. नॅशनल हंट चेज 2025 पासून व्यावसायिकांना खुली केली, तीही हँडिकॅप करून. आयोजकांचं म्हणणं शर्यत जास्त चुरशीची व्हावी. मला हे पटलेलं नाही. चार मैलांच्या शर्यतीत हौशी जॉकी दिसणं हे त्या मेळ्याच्या जुन्या चवीपैकी होतं, आणि चुरशीच्या हँडिकॅप शर्यती तिथे आधीच पोत्याने आहेत.

रेसकार्डवर हौशी जॉकी कसा ओळखायचा?

नावाआधी 'मि.' किंवा 'मिस' लावलेलं असतं. व्यावसायिकाला नुसतं नाव. जुन्या काळी सभ्य गृहस्थ आणि पोटासाठी घोड्यावर बसणारा यांच्यातला फरक दाखवायला ही रीत पडली. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पैसे न घेणाऱ्याला साहेब म्हणतात."

फक्त क्लोसटनचे घोडे शोधताना चष्मा लावून बघा. ट्रेनरच्या रकान्यात डब्ल्यू. पी. मलिन्स असतं आणि जॉकीच्या रकान्यात मि. पी. डब्ल्यू. मलिन्स. मी एकदा छपाईची चूक समजून दोन मिनिटं डोकं खाजवत बसलो होतो.